इंटर्न पाठवता, तसं आम्हाला शिकवायलाही शिकवा

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. संचालक, वैद्यकीय शिक्षण व संशोधन
मा. आयुक्त, आरोग्य सेवा

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. त्याआधी नऊ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) होतो. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून शंभरेक इंटर्न, म्हणजे एमबीबीएसनंतर प्रत्यक्ष काम शिकायला आलेले नवे डॉक्टर, गेले असतील. त्यांच्या लॉगबुकांवर मी सह्या केल्या, शिक्के मारले. पण त्यांना शिकवायचं कसं, हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. त्यापायी एका बाईचं बोट निकामी झालं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे विळ्याच्या जखमा रोजच्याच. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत सोयाबीनचं झाड. विळा निसटला की डाव्या करंगळीवर बसतो. अशीच एक पस्तिशीतली शेतमजूर बाई आली, पदराच्या चिंधीत बोट गुंडाळून. ओपीडीत दीडशेच्या वर पेशंट. मी इंटर्नला म्हटलं, "तू टाके घालायला घे, मी आलोच." मी गेलो नाही. अर्ध्या तासाने तो केसपेपर घेऊन आला. मी लांबूनच टाके बघितले, सुंदर घातले होते, एकसारख्या अंतरावर. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, एवढं विचारलं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी तीच बाई पोराला ताप आला म्हणून आली. जाता जाता म्हणाली, "डाक्टर, करंगळी वाकंनाच की." जखम छान भरली होती. आत मात्र बोट वाकवणारी टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, तुटलेली होती, आणि तुटलेली टोकं एव्हाना मागे सरकून चिकटली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथल्या सर्जननी सांगितलं की आता दोन ऑपरेशनं लागतील. ती एकदा गेली, परत गेली नाही. रोज बुडवून किती खेपा करणार?

ही टेंडन तपासायला अर्धं मिनिट पुरतं. बोटाचं मधलं पेर सरळ धरून ठेवायचं आणि म्हणायचं, "आता टोक वाकवा." वाकलं नाही, तर टाके घालायच्या आधी पेशंट पुढे पाठवायचा. त्या इंटर्नचं पोस्टिंग संपायला चार दिवस उरले होते. मी त्याला बोलावून विचारलं, तर त्याने दोन्ही टेंडनची नावं, त्या कुठे चिकटतात, मज्जातंतू कुठला, सगळं घडाघडा सांगितलं. म्हणजे माहिती त्याच्याकडे होती. ती वापरायला लावणारा एक प्रश्न मी विचारायला हवा होता, तो विचारला नाही. चूक माझी होती, त्याची नव्हती. तो बिचारा पुढे दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हता आणि त्यावर त्याच्याशी काय बोलावं, हेही मला कळत नव्हतं.

आपल्याकडे गवंड्याला, सुताराला, तबलजीला आणि डॉक्टरलाही एकच प्रश्न विचारतात: कुणाच्या हाताखाली शिकलास? हा 'हाताखाली' शब्द किती खरा आहे, ते मला आमच्या लेबर रूममधल्या सिस्टरकडे बघून समजलं. त्यांची नोकरी माझ्यापेक्षा जुनी. बाळाचं डोकं बाहेर येताना त्या इंटर्नचा हात खाली ठेवायला लावतात, वर स्वतःचा हात ठेवतात आणि हळू आवाजात सांगतात, "आता दाबू नका, नुसतं धरा. येऊ द्या. आता सोडा." पुढच्या बाळंतपणाला हातांची अदलाबदल होते, इंटर्नचा वर आणि त्यांचा खाली. त्याच्या पुढच्या वेळी त्या एक पाऊल मागे उभ्या राहतात, हातमोजे घालून. तोंडाने काही बोलत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, त्यांच्या अंगीच आहे. पण प्रत्येकाच्या अंगी ते असतंच असं नाही. माझ्या नव्हतं.

माझ्याकडे तेव्हा दोनच पद्धती होत्या. एक ही, विळ्याच्या जखमेची: तू कर, मी सही करतो. दुसरी बरोबर उलट. मी पीएचसीत असताना एका रात्री घोणस चावलेला शेतकरी आला. माझ्यासोबत एक इंटर्न होता, हुशार, उत्सुक. मी त्याला कशालाही हात लावू दिला नाही. सलाईन मी लावलं, सर्पविषावरची लस मी सुरू केली, नातेवाइकांशी मीच बोललो. त्याच्या हातात बॅटरी दिली, कारण लाईट गेली होती. पहाटे पेशंट सावरला, मला समाधान वाटलं. सकाळी तो मुलगा म्हणाला, "सर, वीस मिनिटांची ती टेस्ट तुम्ही कधी केलीत? मला दिसलीच नाही." मी केली होती, त्याच्या समोर. पण काय करतोय हे बोललो नव्हतो.

ती टेस्ट पुस्तकात दोन ओळींत संपते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. पुस्तकातून जे हाताला कळत नाही ते असं, की प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही, आणि घाबरलेले नातेवाईक दर दोन मिनिटांनी ती उचलून बघणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात यासाठी लॅब असते, आमच्याकडे नळी आणि घड्याळ. पावसाळी रात्री सत्तर किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात पेशंट आता पाठवायचा की लस अर्धी गेल्यावर, हे ठरवायला शिकण्याची जागा गावच आहे. आणि त्या रात्री माझ्या शेजारी उभा राहूनही तो मुलगा ते शिकला नाही.

सगळं स्वतः करणं आणि सगळं सोडून देणं, यांच्या मधली जी जागा आहे तिचं नाव सुपरव्हिजन. 'देखरेख' म्हटलं की मुकादम आठवतो, म्हणून इंग्रजीच शब्द वापरतो. समोरच्या मुलाला किती येतं हे ओळखायचं, त्याला किती करू द्यायचं हे ठरवायचं, कुठे थांबवायचं हे जाणायचं, आणि झाल्यावर त्याच्याशी असं बोलायचं की तो शिकेल पण खचणार नाही. हे सगळं पेशंटला धक्का न लावता. हे कौशल्य वेगळं आहे. चांगला डॉक्टर झाला म्हणजे ते आपोआप येतं, हा समज आपण सगळ्यांनी फार वर्षं बाळगला.

आता कागदावर काय आहे ते बघा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या इंटर्नशिप नियमांत बारा आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे आहेत. त्यातली मुलं पीएचसीत आणि ग्रामीण रुग्णालयात येतात. २०२० च्या अधिसूचनेने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम आला आणि एमडी-एमएसचे विद्यार्थी तीन महिने जिल्हा पातळीवर येऊ लागले. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांतून झालं. एएनएम आणि जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या मुली तर कायमच येतात. म्हणजे शिकणाऱ्यांचा ओघ आमच्याकडे वाढतो आहे, आणि तो वाढायलाच हवा. मी त्याच्या बाजूचा आहे.

पण शिकवणाऱ्याचं काय? मेडिकल कॉलेजातल्या अध्यापकाला बेसिक कोर्स इन मेडिकल एज्युकेशन करावा लागतो. प्रत्येक कॉलेजात मेडिकल एज्युकेशन युनिट असतं. प्रश्न कसा काढावा, कौशल्य कसं तपासावं, फीडबॅक कसा द्यावा, हे तिथे शिकवतात. ज्याच्याकडे वर्गखोली आहे, सहकारी आहेत, लायब्ररी आहे, त्याला हे मिळतं. ज्याच्या खोलीबाहेर दीडशे माणसं उभी आहेत आणि आत एकटाच बसला आहे, त्याला फक्त आदेशाची प्रत मिळते: 'सोबतच्या यादीतील आंतरवासिता प्रशिक्षणार्थी आपल्या अधिनस्त रुजू होत आहेत.' आम्ही शिक्षक होतो ते त्या एका ओळीने.

यामागचं कारण कुणाची अनास्था आहे, असं मी म्हणत नाही. रचनाच तशी आहे. शिकणारा वैद्यकीय शिक्षण खात्याचा, शिकवणारा सार्वजनिक आरोग्य खात्याचा. पीएचसी जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, विद्यापीठ नाशिकला. इंटर्न चांगला घडला तर माझ्या खात्याच्या कुठल्याही रकान्यात त्याची नोंद होत नाही. वाईट घडला तरी होत नाही. म्हणूनच हे पत्र एकाच कार्यालयाला न लिहिता तुम्हा तिघांना मिळून लिहितो आहे. तिघे एका टेबलाशी बसल्याशिवाय हे सुटणार नाही.

हा प्रयत्न याआधी झाला आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच समाजाकडे बघणारा डॉक्टर घडवण्याची आणि त्यासाठी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली होती. श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर १९७७ साली रोम योजना आली. रोम म्हणजे वैद्यकीय शिक्षणाची नव्याने दिशा ठरवणं. प्रत्येक कॉलेजने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडून घ्यायची होती. आमचे जुने सर त्या काळच्या मोठ्या गाड्यांच्या आठवणी सांगत. अध्यापक गाडीतून येत, शिबिर घेत, संध्याकाळी परत जात. माझं मत असं आहे की तिथेच गाडं अडलं. विद्यार्थी गावात आला, कॉलेजही चार तास गावात आलं, पण गावात कायम असणारा डॉक्टर यजमानच राहिला. त्याला शिक्षक करायचं कुणाच्या मनात आलं नाही. गाड्या थांबल्या तेव्हा मागे काही उरलं नाही.

याउलट जिथे शेजारी बसून शिकवण्याची व्यवस्था लावली गेली, तिथे काय होतं हे याच महाराष्ट्राने जगाला दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. त्या कामाची चर्चा होते तेव्हा लोक आरोग्यदूताच्या पिशवीबद्दल बोलतात, इंजेक्शनबद्दल बोलतात. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते: दर पंधरा दिवसांनी गावात जाऊन तिचं काम तपासणारा, नोंदी बघणारा, चुकलं तिथे पुन्हा शिकवणारा माणूस. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याकडे गावोगावच्या अशिक्षित बाया दर आठवड्याला केंद्रावर जमत, आपल्याला कोण पेशंट भेटला ते सांगत आणि त्यावर बोलणं होई. शिक्षण पेशंटपासून सुरू होई. ज्या राज्याने हे केलं, त्या राज्याला आमच्यासारख्या शिकलेल्या डॉक्टरांना सुपरव्हिजन शिकवणं अवघड कसं असेल?

मला स्वतःला जे थोडं आलं ते योगायोगाने. माझा एक वर्गमित्र कॉलेजात शिकवतो. करंगळीची हकीकत मी त्याला फोनवर सांगितली. तो पुढच्या रविवारी आला, आणि आमच्याच कॅज्युअल्टीत बसून त्याने मला एक पद्धत दाखवली. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या अध्यापकांनी १९९२ मध्ये ती मांडली, गर्दीच्या ओपीडीत शिकवता यावं म्हणून. तिला 'वन मिनिट प्रिसेप्टर' म्हणतात. पाच पायऱ्या आहेत. मुलाने पेशंट सांगितला की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी विचारायचं: तुला काय वाटतं, काय झालंय? मग: कशावरून? त्यानंतर एकच नियम शिकवायचा, त्या पेशंटला लागू पडणारा. जे बरोबर केलं ते नेमकं सांगायचं, आणि जे चुकलं तेही नेमकं. बस.

वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी पहिल्याच पायरीवर अडखळलो. एक इंटर्न मुलगी चौदा महिन्यांच्या बाळाला तपासून आली. खोकला, दोन दिवस ताप. मी विचारलं, "तुला काय वाटतं?" ती गप्प. बाहेर रांगेत गलका, सिस्टर औषधाची चिठ्ठी घेऊन दारात. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. मित्राने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पाच-सहा सेकंद गेले असतील, मला ते फार लांब वाटले. मग ती म्हणाली, "साधा सर्दी-खोकला वाटतो, सर."

"कशावरून?"

"श्वास छत्तीस आहेत. चाळीसच्या आत."

"कसे मोजलेस?"

"पंधरा सेकंद मोजून चारने गुणले."

मी तिला घेऊन बाळापाशी गेलो. आईला झबलं वर करायला सांगितलं आणि घड्याळ तिच्याच हातात दिलं. पूर्ण एक मिनिट. शेहेचाळीस भरले. लहान बाळाचा श्वास सारखा नसतो, कधी भरभर, कधी थांबून, म्हणून साठ सेकंद मोजायचा. एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा त्याहून जास्त म्हणजे न्यूमोनिया समजायचा. एवढा एकच नियम सांगितला. मग म्हटलं, "बाळ आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत तू थांबलीस, ते अगदी बरोबर केलंस. मोजणी मात्र अर्धवट केलीस." तिने अमॉक्सिसिलिनचा डोस काढला, मी तपासला. सगळ्याला चार मिनिटं लागली. त्यानंतर तिच्या पोस्टिंगभर मी बघत होतो, बाळ समोर आलं की तिचा हात आधी मनगटाकडे, घड्याळाकडे जायचा.

त्याच मुलीबद्दल मी आधी मनात म्हणत असे की हिचं लक्ष नाही, ही मोबाईलवर नीट-पीजी या प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवत बसते. खरं म्हणजे आम्ही कुणी तिला काही विचारतच नव्हतो. दिवसभर बीपी मोजायला आणि रजिस्टर भरायला बसवलेल्या हुशार मुलीने दुसरं काय करायचं? ज्या दिवशी 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न सुरू झाला, त्या दिवशी मोबाईल खिशात गेला. हे मी एकीच्या बाबतीत नाही, नंतरच्या प्रत्येक तुकडीत बघितलं आहे.

माझा हा मित्र होता म्हणून मला हे मिळालं. राज्यात अठराशेच्या आसपास प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. तिथल्या प्रत्येकाला असा मित्र असेल, या भरवशावर डॉक्टर घडवायचे का?

आता मागणं. पहिलं आणि सर्वांत मोठं: आम्हाला प्रशिक्षण द्या, आणि ते आमच्या जागेवर द्या. नाशिकला किंवा मुंबईला बोलावून सभागृहात स्लाईड दाखवून हे येणार नाही. मी दोन दिवस बाहेर गेलो तर इथे डॉक्टर नसतो, हा एक भाग. पण त्याहून मोठं कारण असं, की मला माझ्या गर्दीत, माझ्या लेबर रूममध्ये, माझ्या तुटपुंज्या औषधांत शिकवायचं आहे. कॉलेजच्या एज्युकेशन युनिटमधल्या दोघांनी तालुक्याला यावं. आसपासच्या दहा-बारा केंद्रांचे डॉक्टर जमतील. सकाळी खऱ्या ओपीडीत, दुपारी त्यावर चर्चा. आमच्यापैकीच एकाने इंटर्न व्हावं, एकाने शिकवावं, बाकीच्यांनी बघावं आणि सांगावं. दोन दिवस पुरतील. मात्र तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा यावं आणि मला शिकवताना बघावं. माझ्या मित्राचा हात माझ्या गुडघ्यावर नसता तर मी उत्तर देऊन मोकळा झालो असतो. गुडघ्यावरचा तो हात कुठल्याही पुस्तिकेत मिळत नाही.

या प्रशिक्षणाला फक्त एमबीबीएस आणि एमडी नकोत. अनेक केंद्रांचा डोलारा बीएएमएस डॉक्टर सांभाळतात. इंटर्न रात्री त्यांच्याच सोबत असतो. आणि सिस्टरना वगळलंत तर सगळं फुकट जाईल. टाके, बाळंतपण, इंजेक्शन, सलाईन, यातलं निम्मं मुलं त्यांच्याकडूनच शिकतात. त्यांना शिकवायची गरज कमी आहे. त्यांच्याकडून बाकीच्यांनी शिकायची गरज जास्त आहे.

दुसरं, मुलगा येण्याआधी एक पान पाठवा. याने आतापर्यंत काय केलं आहे, काय एकट्याने करू शकतो, कशाची भीती वाटते. आज तो माझ्यासमोर उभा राहतो तेव्हा मला त्याच्या नावाशिवाय काही माहीत नसतं. कुणी वीस बाळंतपणं करून आलेला असतो, कुणाच्या हाताने एकही टाका घातलेला नसतो, आणि दोघांची यादीतली ओळ सारखीच.

वेळेचं बोलतो. आमच्याकडची पदं रिकामी आहेत, आहे त्यांच्यावर ओपीडी, शवविच्छेदन, मेडिकोलीगल म्हणजे पोलिसांच्या केसेस, बैठका, शिबिरं, ऑनलाईन माहिती भरणं हे सगळं आहे. त्यात शिकवणं कुठे बसवायचं, हा प्रश्न माझे सहकारी विचारतात आणि तो खरा आहे. माझा अनुभव असा की पहिले दोन आठवडे वेळ जास्त जातो आणि नंतर इंटर्नमुळे काम हलकं होतं. पण ते पहिले दोन आठवडे कुणीतरी हिशोबात धरायला हवेत. आठवड्यातून दोन दिवस, दुपारचा एक तास, त्या तासात बैठक नाही, व्हिडिओ कॉन्फरन्स नाही. हा तास लेखी आदेशाने मिळाला तरच टिकेल. नाहीतर पहिल्याच साथीत वाहून जाईल.

आणि सहीचा प्रश्न. मी आजवर एकदाही 'हा अजून तयार नाही' असं लिहिलेलं नाही. लिहावंसं वाटलं, तीन-चार वेळा नक्की. एक मुलगा होता, पेशंटला हात लावायला घाबरायचा, नजर चुकवून निघून जायचा. त्याला रागावणारे खूप होते. त्याला आणखी पंधरा दिवस कुणाच्या तरी शेजारी बसायची गरज होती. मी तसं लिहिलं असतं तर त्याचं वर्ष अडकलं असतं, म्हणून सही केली. तो आज कुठे प्रॅक्टिस करत असेल, तो विचार मला मधूनमधून येतो. आम्हाला खरं लिहिता येईल अशी जागा फॉर्मवर द्या, आणि त्यापुढे शिक्षा न येता जास्तीचे दिवस मिळतील असं करा. तसंच उलट बाजूनेही: मुलांनी आमच्याबद्दल लिहावं. मी शिकवलं का, मी रात्री फोन उचलला का, त्यांना विचारा. मला त्याची थोडी धास्ती वाटते, तरीही विचारा.

जबाबदारीही कागदावर यायला हवी. इंटर्नकडे तात्पुरती नोंदणी असते, तो एकट्याच्या जोखमीवर काम करू शकत नाही. मग कुठली कामं माझ्या डोळ्यांसमोर, कुठली मी इमारतीत असताना, कुठली फोनवर विचारून, हे ठरवून भिंतीवर लावा. लॉगबुकात 'पाहिलं', 'मदत केली', 'स्वतः केलं' एवढं असतं. शेजारी कोण होतं, ते नसतं. त्या करंगळीच्या केसपेपरवर माझी सही आहे. ती वाचणाऱ्याला वाटेल मी तिथे होतो.

मानाचं फार नाही. विद्यापीठाचं एक मान्यतापत्र, सेवापुस्तकात नोंद, आणि डॉक्टरची नोंदणी टिकवायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत जे तीस क्रेडिट अवर्स द्यावे लागतात त्यात या प्रशिक्षणाचे तास धरले जावेत. २०२५ च्या अध्यापक पात्रतेच्या नियमांनी २२० खाटांच्या पुढच्या सरकारी रुग्णालयांतल्या तज्ज्ञांसाठी अध्यापक होण्याचं दार उघडलं, ते चांगलंच झालं. तीस खाटांच्या रुग्णालयातल्या आणि पीएचसीतल्या माणसाला पद नको आहे. तो जे करतो त्याला शिकवणं म्हणतात, एवढं कुणीतरी म्हणावं. मुलींच्या राहण्याच्या खोलीला आतून कडी आणि जवळ संडास हवा, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

एक शंका नेहमी येते: गावात जास्त दिवस ठेवलं तर मुलं अभ्यासात मागे पडतील. दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये आठ विद्यार्थ्यांना जवळजवळ वर्षभर रिव्हरलँड या ग्रामीण भागातल्या छोट्या गावांतल्या डॉक्टरांकडे ठेवलं. मोठ्या हॉस्पिटलात शिकलेल्या सोबत्यांपेक्षा अशा मुलांचे परीक्षेतले गुण पुढे कमी भरले नाहीत, उलट चांगले आले. तिथली परिस्थिती आपल्यासारखी नाही, मान्य. पण तिथे मुलं पाठवण्याबरोबर गावच्या डॉक्टरांना शिक्षक मानलं गेलं, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आणि ज्ञान गावातून उगवत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉ. हिंमतराव बावस्कर आठवावेत. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाची मुलं मरताना बघून त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय शोधला. १९८६ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. अशा माणसाच्या शेजारी बसून शिकलेला इंटर्न किती नशीबवान! तसे शेजारी बसण्याजोगे डॉक्टर प्रत्येक तालुक्यात एक-दोन तरी आहेत. त्यांना स्वतःला ते माहीत नाही.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आमच्याकडे चार इंटर्न रुजू होतील. तेव्हा सोयाबीनची काढणी ऐन भरात असेल. कॅज्युअल्टीत टाक्यांच्या ट्रेवर मी एक कागद चिकटवला आहे: 'आधी मधलं पेर धरा, टोक वाकवायला सांगा, मग मला हाक मारा.' तुमच्यापैकी कुणी त्या आठवड्यात आलं, तर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसा. मी शिकवत असताना मध्ये बोलायचं वाटलं तर बोला, गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला तर ठेवा.

आपला,
एक वैद्यकीय अधिकारी,
ग्रामीण रुग्णालय, मराठवाडा